पितृपक्षातला भाला

जागतिक अजिंक्यपद मैदानी स्पर्धा दोन वर्षांतून एकदा भरते आणि मधल्या काळात आम्हा सातारकरांचा भाल्याशी येणारा संबंध संग्रहालयाच्या काचेपलीकडे जात नाही. तरीही अंतिम फेरीच्या दिवशी पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत प्रत्येकाला भाला कोणत्या कोनातून सुटायला हवा होता हे नेमके ठाऊक असते.

पूर्वीचे प्रेक्षक सोशिक होते. मिल्खा सिंग १९६० साली रोमला चौथे आले आणि पी. टी. उषा १९८४ साली लॉस एंजेलिसला सेकंदाच्या एका शतांशाने कांस्यपदक हुकून चौथ्या आल्या, या दोन चौथ्या क्रमांकांवर एका अख्ख्या पिढीने आपला अभिमान पोसला. पुढे २००३ साली अंजू बॉबी जॉर्ज यांनी पॅरिसहून लांब उडीतले कांस्यपदक आणले, तेव्हा त्याचेही केवढे अप्रूप वाटले होते! मग नीरज चोप्रा आला. २०२१ साली टोकियोचे ऑलिंपिक सुवर्ण, २०२३ साली बुडापेस्टला जागतिक सुवर्ण आणि २०२५च्या मे महिन्यात दोह्याला ९०.२३ मीटर. या माणसाने आमची सवय इतकी बिघडवली की सुवर्णपदक हे रेशनच्या धान्यासारखे आपल्या नावावर ठरलेलेच आहे, फक्त जाऊन उचलायचे बाकी आहे, असे आम्ही धरून चाललो.

त्यामुळे १८ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे टोकियोतल्या जागतिक स्पर्धेत भालाफेकीच्या अंतिम फेरीच्या दिवशी, मी मोती चौकातून कंदी पेढ्यांचा पुडा आधीच आणून ठेवला होता. आदल्या दिवशी पात्रता फेरीत नीरजने पहिल्याच फेकीत ८४.८५ मीटरची मजल मारून काम संपवले होते, तेव्हा पेढ्यांत घाई झाली असे कोणी म्हणू नये. खालच्या मजल्यावरचे निवृत्त गुरुजी सपत्नीक आले. गुरुजींनी आयुष्यभर शाळेत कवायत शिकवल्यामुळे मैदानी खेळांतला त्यांचा शब्द आमच्या इमारतीत अंतिम मानला जातो. काकूंनी मात्र पुड्याकडे पाहून कपाळाला आठी घातली.

"पितृपक्षात पेढे? अहो, सर्वपित्री तरी होऊ द्यायची!"

"काकू, टोकियोत पितृपक्ष नसतो," मी म्हणालो.

"भाला फेकणारा आपला आहे ना?" या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुपारी चारच्या सुमारास सुरू झालेल्या त्या फेरीत पहिल्याच फेकीला एका उंच भारतीय तरुणाने ८६.२७ मीटरवर भाला टाकला. "हा कोण?" असे गुरुजींनी विचारले. तो उत्तर प्रदेशातला सचिन यादव होता आणि ती त्याच्या आयुष्यातली सर्वोत्तम फेक होती. परंतु आम्ही सगळे नीरजची वाट पाहत असल्यामुळे, बस चुकीच्या थांब्यावर थांबल्यासारखा चेहरा करून, आम्ही तो क्षण जाऊ दिला.

नीरजची पहिली फेक ८३.६५ मीटर, दुसरी ८४.०३, तिसरी फाऊल. गुरुजींनी "तो अंगावरची सुस्ती काढतोय" असा निर्वाळा दिला. चौथी ८२.८६ झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला. मैदानी स्पर्धेचा हा खास छळ आहे की क्रिकेटसारखे दोष द्यायला पंच नसतो, खेळपट्टी नसते, नाणेफेकही नसते. यंत्राने मोजलेले एक अंतर असते आणि ते तुमच्या आशेपेक्षा पाच मीटर अलीकडे असते. पाचवी फेकही फाऊल गेली आणि नीरज आठव्या क्रमांकावर स्पर्धेबाहेर पडला. त्याची पाठ दुखावलेली होती हे नंतर कळले, पण त्या वेळी पाठदुखीचे दुःख फक्त काकूंना समजले असते आणि त्यांना कोणी विचारले नाही.

खोलीत सुतक पडले. गुरुजींनी बऱ्याच वेळाने विचारले, "आणि तो पाकिस्तानचा अर्शद?"

"दहावा."

गुरुजींच्या चेहऱ्यावर जी टवटवी आली ती पाहता, पदकतालिकेत या कामगिरीचा वेगळा रकाना असायला हवा असे मला वाटले.

या सगळ्यात सचिन यादव चौथा आला. त्रिनिदादचा वॉलकॉट, ग्रेनाडाचा पीटर्स आणि अमेरिकेचा थॉम्पसन यांच्यामागे, कांस्यपदकापासून अवघ्या ४० सेंटिमीटरवर, म्हणजे हातभरही नाही. जगातला चौथा! पेढ्याचा पुडा फोडावा असे मी सुचवले, तेव्हा चौथ्या नंबराला पेढे वाटले तर पहिल्याला काय वाटायचे, असा रोकडा सवाल गुरुजींनी टाकला. नाशिक जिल्ह्यातल्या सर्वेश कुशारेने दोनच दिवसांपूर्वी उंच उडीत २.२८ मीटरसह सहावा क्रमांक मिळवला होता, त्यासाठी तर आमच्या इमारतीत साधी खडीसाखरही फुटली नव्हती.

मी मग घरचे उदाहरण काढले. आपल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओला ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावल्या, नेमक्या १५ ऑगस्टला. पाण्याच्या टँकरसाठी रांग लावणाऱ्या गावातली मुलगी पाण्याच्या खड्ड्यावरून सात वेळा उडी मारते, ही गोष्ट एरवी गुरुजी स्वतः भाषणात सांगतात. प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून त्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या होत्या, आणि तेव्हा आपण छाती फुगवून फिरलो होतो, याची मी आठवण दिली.

"ते वेगळं," गुरुजी म्हणाले. "तेव्हा आपल्याला अपेक्षा नव्हती."

माझ्या मते सगळी मेख इथेच होती. पण काकूंची मालिका सुरू व्हायची वेळ झाली होती आणि गुरुजी चपला शोधू लागले होते. मी टीव्ही तसाच चालू ठेवला. थोड्याच वेळाने भर पावसात महिलांची ४०० मीटर शर्यत झाली आणि सिडनी मॅक्लॉफ्लिन-लेव्रोन हिने ती ४७.७८ सेकंदांत संपवली. १९८५ पासून कोणाला न हललेला ४७.६० चा जागतिक विक्रम अगदी हाताशी आला होता. मी जिन्यात धावत जाऊन गुरुजींना हाक मारली.

"आपलं कोण होतं त्यात?" त्यांनी खालूनच विचारले.

"कोणी नाही."

"मग ओरडताय काय? दार लावून घ्या, मांजर आत जाईल. पेढे उघड्यावर आहेत ना?"