पेट्रोल पंपावरची ती पानं

नमस्कार मीनलताई,

उत्तराला चार दिवस लागले, कारण तुमची प्रतिक्रिया वाचून पुस्तक पुन्हा काढलं. जॉन ग्रीनची 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' ही कादंबरी म्हणजे कॅन्सरला लावलेली पावडर-लाली, असं तुम्ही म्हणता. सोळा-सतरा वर्षांची पोरं असं बोलत नाहीत, आणि एवढ्या दुखण्यात प्रेम सुचतं कुणाला, हाही तुमचा सवाल.

बोलण्याबाबत सपशेल मान्य. हेझल आणि गस, कॅन्सर झालेली आणि एकमेकांच्या प्रेमात पडलेली ही दोन पोरं, गप्पा मारताहेत की वक्तृत्व स्पर्धेत उतरलेत, तेच कळत नाही. गस न पेटवलेली सिगारेट तोंडात धरतो आणि वर तिचा अर्थही समजावून सांगतो, तेव्हा मीही कपाळाला हात लावला. अ‍ॅन फ्रँकच्या आम्सटरडॅममधल्या घरातलं, दोघं तिथे फिरायला गेलेले असतानाचं चुंबन आणि त्यावर टाळ्या वाजवणारी माणसं तर दुसऱ्या वाचनातही घशाखाली उतरली नाहीत.

पण पावडर-लाली? शेवटाकडचा पेट्रोल पंप आठवा. गसचा हाडांचा कॅन्सर एव्हाना अंगभर पसरलाय. अपरात्री तो एकटाच गाडी घेऊन निघतो आणि पंपावर अडकतो. पोटातली नळी बिघडलेली, अंगावर उलटी. अॅम्ब्युलन्स बोलावू नकोस म्हणून हेझलपुढे गयावया करतो, ती बोलावतेच. आणि आला कशाला होता? सिगारेटचं पाकीट आणायला. ओढायचं नव्हतंच, फक्त एवढं एक काम आपलं आपण करायचं होतं. यात लाली कुठे दिसली तुम्हाला?

आणि प्रेम सगळ्यांनाच पावतं असंही नाही. उरलेला एक डोळाही काढायची वेळ आलेल्या आयझॅकला, म्हणजे गसच्या मित्राला, त्याची मैत्रीण ऑपरेशनच्या आधीच सोडून जाते.

लेखकाला दुखण्यातलं काय कळतं, असंही तुम्ही विचारलंत. जॉन ग्रीन तरुणपणी मुलांच्या हॉस्पिटलात चॅप्लेन, म्हणजे रुग्णांना धीर देणारा धर्मसेवक, होता. 2012चं हे पुस्तक त्याने एस्थर अर्लला अर्पण केलंय. ती 2010 साली सोळाव्या वर्षी थायरॉइडच्या कॅन्सरने गेली. (हेझल म्हणजे एस्थर नव्हे, हे त्यानेच सांगितलंय.)

परळला टाटाच्या बाहेर फुटपाथवर दिवस काढणाऱ्यांना कुठलं आलंय आम्सटरडॅम, हे मात्र खरं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मला विचाराल तर पुस्तक गसचं नाहीच, हेझलच्या आईचं आहे. लेक आयसीयूत असताना, आता मी कुणाची आई उरणार नाही, असं म्हणून ती रडली होती, आणि हेझलने ते ऐकलं होतं. पुढे कळतं, आई गुपचूप समाजकार्याचा अभ्यास करतेय. ही गेल्यावरचं आपलं आयुष्य आखतोय असं लेकीला वाटू नये, म्हणून लपवलेलं. हेझलला मात्र आनंद होतो. तिला धास्ती स्वतःच्या मरणाची कमी, मागे उरणाऱ्यांची जास्त. गसला सुरुवातीला लांब ठेवते तीही त्यापायीच.

आईची तेवढी पानं पुन्हा वाचा. मग भांडू.