‘पाच मिनिटांत डिस्क ब्रेक कडक’? आधी डबी उघडून बघा

सीबीझेड, जुनी पल्सर, करिझ्मा... वीस वर्षांची झालेली डिस्क ब्रेकची गाडी ज्याच्याकडे आहे, त्याच्या मोबाइलवर हा मेसेज कधी ना कधी येतोच. सार असं: ब्रेकचा लिव्हर मऊ लागला तर हँडलवरच्या ब्रेकच्या डबीत ऑइल भरा, कुठलंही चालतं, डॉट ५ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत) मिळालं तर सोन्याहून पिवळं, चाकापाशी पॅड दाबणारा पिस्टन चिकटत असेल तर सील पेट्रोलने धुवा, पिस्टन पॉलिश पेपरने घासा, उरलेली हवा लिव्हर रात्रभर बांधून ठेवला की निघून जाते.

शेवटचा मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीच्या गोंधळाचं मूळ ‘ब्रेक ऑइल’ या शब्दातच आहे. गॅरेजात सगळे तसंच म्हणतात, आपणही म्हणू. पण डबीत असतं ते ग्लायकोल जातीचं रसायन. ते हवेतलं पाणी ओढतं, रंग खातं, आणि त्याच्यासाठी बनवलेल्या रबराचं पेट्रोल, इंजिन ऑइल, साधं ग्रीस यांच्याशी हाडवैर असतं.

‘मऊ लागला तर ऑइल भरा.’ ब्रेक ऑइल खर्च होत नाही. पातळी उतरते ती पॅड झिजल्यामुळे किंवा गळतीमुळे. पॅड झिजले असताना डबी काठोकाठ भरली, तर नवे पॅड घालताना पिस्टन मागे ढकलल्यावर तेच ऑइल टाकीच्या रंगावर सांडतं (सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओता, नुसतं पुसू नका). गळती शोधायची तर लिव्हरपाशी मास्टर सिलिंडरचं (लिव्हर दाबला की ऑइल पाइपात ढकलणारा भाग, डबी याच्यावरच असते) रबरी टोपण उचलून बघा. आत ओलं असेल तर कप, म्हणजे आत ऑइल अडवणारी रबरं, गेलेत. आणि लिव्हर मऊ लागतो तो हवेमुळे. सिग्नलला दाबून धरलेला लिव्हर हळूहळू मुठीकडे सरकत असेल आणि बाहेर कुठेच ओल नसेल, तर मास्टरमधला कप आतल्या आत ऑइल सोडतोय. डबी भरून यातलं काहीच सुधारत नाही.

‘कुठलंही चालतं.’ डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच पाळा. किमान उत्कलनबिंदू कोरं असताना डॉट ३ चा २०५ अंश, डॉट ४ चा २३०. पाणी मुरल्यावर अनुक्रमे १४० आणि १५५. घाट उतरताना ब्रेक तापून असं ऑइल उकळतं आणि लिव्हर अचानक पोकळ होतो, तो यामुळेच. कोकणातल्या दमट हवेत तर दोन वर्षांनी ऑइल बदलणं टाळूच नका. डॉट ५ हे सिलिकोन आहे, ग्लायकोलमध्ये मिसळत नाही. पाणीही त्यात विरघळत नाही, ते खाली कॅलिपरमध्ये (डिस्कवर बसलेला, पिस्टन आणि पॅड असलेला भाग) साचतं आणि १०० अंशांना उकळतं. डॉट ५.१ मात्र नाव फसवं असलं तरी ग्लायकोलच.

‘सील पेट्रोलने धुवा.’ सगळ्यात घातक सल्ला हाच. पेट्रोल लागलेलं रबर फुगतं. डबीच्या तळाशी दोन भोकं असतात, एक मोठं आणि एक सुईच्या टोकाएवढं. लिव्हर सोडल्यावर कप या बारीक भोकाच्या जेमतेम मागे थांबतो, म्हणजे तापून फुगलेलं ऑइल डबीत परत जाऊ शकतं. कप फुगला किंवा भोक गाळाने बुजलं की ही वाट बंद. मग तीन-चार किलोमीटरवर डिस्क तापते आणि ब्रेक आपोआप आवळतो. मालक खूश, ‘कसला टाइट झालाय!’ पुढच्या वळणावर चाक जाम. कपाला आणि सीलला फक्त कोरं ब्रेक ऑइल लावा; ब्रेक क्लीनर धातूच्या भागांपुरता.

‘पिस्टन घासा आणि बसवा.’ चिकटण्याचं कारण बहुतेक वेळा पिस्टनवर नसतंच, ते सीलच्या खाचेत असतं. कॅलिपरमध्ये पिस्टन मागे ओढणारी स्प्रिंग नाही. चौकोनी छेदाचं सील दाबताना किंचित पिळतं आणि सोडल्यावर पूर्ववत होतं, तेवढाच पिस्टन मागे येतो. खाचेत ॲल्युमिनियमचा पांढरा खर साचला की सील पिस्टनवर आवळलं जातं. म्हणून पाइप सोडवण्याआधी लिव्हर मारूनच पिस्टन बाहेर काढा (कॉम्प्रेसरच्या हवेने तो गोळीसारखा सुटतो, बोटं सांभाळा), दोन्ही सीलं काढा आणि पितळी तारेचा आकडा करून खाच कोपऱ्यापर्यंत खरवडा. आत जाड सील, बाहेर पातळ धूळसील, दोन्ही नवी. पिस्टनच्या क्रोमवर सील फिरतं त्या पट्ट्यात खड्डे असतील तर पिस्टन बदला. पॉलिश पेपरने क्रोम निघतं आणि गंज दुप्पट वेगाने येतो. नव्या सीलात पिस्टन अंगठ्याच्या दाबाने सरळ आत जायला हवा. शिकंजा लागला तर काहीतरी वाकडं बसलंय. बँजो बोल्टच्या (पाइपचं टोक जोडणारा पोकळ बोल्ट) दोन्ही बाजूंचे वॉशरही नवेच घाला. ऑइल लागलेले पॅड जाळून शुद्ध होत नाहीत, फेका.

‘रात्रभर बांधून ठेवा.’ लिव्हर दाबलेला असताना कपाने बारीक भोक ओलांडलेलं असतं, म्हणजे हवा डबीत जाणारच नाही. होतं एवढंच की दबावाखाली आकसलेले बुडबुडे हळूहळू वर चढतात आणि सकाळी लिव्हर सोडल्यावर त्यातले काही भोकातून निघतात. शेवटची चिमूटभर हवा काढायला हे ठीक, रिकाम्या पाइपला मुळीच नाही.

रिकाम्या पाइपला रीत वेगळी. हँडल वळवून डबी सपाट आणि सर्वांत उंच करा. आधी लिव्हर फक्त सेंटिमीटरभर हलवत राहा. बारीक भोकातून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत कॅलिपरवरच्या हवा काढायच्या निपलला हात लावू नका. मग निपलवर पारदर्शक नळी घालून तिचं टोक ऑइलमध्ये बुडवा. दाबा, धरा, निपल पाव फेरा उघडा, लिव्हर मुठीशी येण्याआधी बंद करा, मगच सोडा. जुनाच मास्टर असेल तर मुठीपर्यंत नेऊच नका. सिलिंडरच्या न वापरलेल्या गंजक्या टोकावर कपाची कड फाटते. डबी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. २५० मिलीची एक सीलबंद बाटली पुरते.

शेवटी लिव्हर करकचून मिनिटभर धरा, बँजो आणि निपलला कोरा कागद लावून ओल उमटते का बघा, सोडल्यावर चाक हाताने फिरवा. फिरत नसेल तर निपल किंचित सैल करा. चाक तरीही अडकलेलं राहिलं तर दोष कॅलिपरचा. मोकळं झालं तर निपल आवळून लिव्हर पुन्हा दाबा आणि यावेळी मास्टरकडचा बँजो सैल करा: मोकळं झालं तर बारीक भोक, नाही झालं तर आतून फुगलेला जुना रबरी पाइप.