पेन्शन म्हणजे उपकार नाहीत

आज दादरला गोदी कामगारांच्या पेन्शनवरची एक डॉक्युमेंटरी बघितली. चांगली आहे, बघताना पोटात तुटतं. पण नंतर चर्चेत मागून एक जण म्हणाला, "सरकारनं किती म्हाताऱ्यांना पोसायचं?" आणि माझं डोकंच सटकलं. पोसायचं??

आमच्या चाळीतले एक काका जन्मभर ठेकेदाराकडे, गोदीत पोती उचलायचे. रिटायर झाल्यावर हयातीचा दाखला द्यायला गेले तर मशीनवर अंगठाच उमटेना. पोती ओढून ओढून बोटांवरच्या रेषा पुसल्या गेलेल्या. झालं, पेन्शन बंद. आणि पेन्शन किती, तर महिना हजार रुपये! ईपीएस ९५, म्हणजे पीएफमधून मिळणाऱ्या पेन्शनची योजना, तिची किमान रक्कम २०१४ ला ठरली ती तिथेच अडकलीये, तेवढ्यात आज गॅस येतो फक्त.

हो, पोर्टाच्या कायम कामगारांची पेन्शन बरी आहे, मान्य. पण ती काय आभाळातून पडली? आधी रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, मुकादमाच्या मनात आलं तर काम. गोदी कामगारांच्या रोजगाराचा १९४८ चा कायदा आला, मग डॉक लेबर बोर्ड, तेव्हा कुठे नोंदणी आणि थोडी हमी मिळाली, त्यामागे किती संप आणि किती जेल. आपण टॅक्सीवाल्याला पी. डिमेलो रोड सांगतो, तो माणूस गोदी कामगारांचा पुढारी होता हे किती जणांना माहितीये?

कंटेनर आले, माणसं कमी लागणार, तेही मान्य. पण काकांच्या ठेकेदारानं मध्ये मध्ये पीएफ भरलाच नव्हता, नाव बदलून नवीन फर्म काढायचा, की जुनी वर्षं गेलीच. फिल्ममध्ये सुरकुत्यांचे इतके क्लोजअप आहेत, पण ठेकेदाराला एकही प्रश्न नाही, याचा मला जास्त राग आला.

काका स्वतः कधी चिडले नाहीत. आम्हा पोरांना कुठलं जहाज कुठून आलं ते सांगायचे, अगदी कौतुकानं. मशीनसमोरही अंगठा लुगड्याच्या चिंधीला पुसून परत परत लावत होते, जणू चूक त्यांचीच.

१९८२ ला डी. एस. नकारा यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की पेन्शन ही मेहेरबानी नाही. ती केस सरकारी नोकरांची होती, ठीक आहे, पण पोती उचलणाऱ्याचा घाम वेगळा असतो का? बुलढाण्यात ईपीएसवाले म्हातारे वर्षानुवर्षं साखळी उपोषण करतायत, महिना साडेसात हजार आणि महागाई भत्ता, हे मुख्य मागणं आहे. देऊन टाका ना.