वासे फिरू द्या

अभिनंदन! घेतलीत एकदाची १९६८ची शेव्हरोलेट कॅमॅरो. आता पहिली गोष्ट म्हणजे तिच्याखाली अजिबात वाकून बघू नका. ऑगस्टमध्ये डेट्रॉइटजवळ जुन्या गाड्यांची मिरवणूक बघायला वुडवर्ड अव्हेन्यूच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेल्या हजारो लोकांपैकी एकालाही गाडीचं पोट दिसत नाही. जे कोणाला दिसत नाही त्यावर डॉलर घालवायला आपण काय वेडे आहोत?

पैसे इंजिनात घाला. कंपनीने ही गाडी १४० हॉर्सपॉवरच्या सहा सिलिंडरी इंजिनासकट विकली आणि ३७५ हॉर्सपॉवरच्या ३९६ घनइंची इंजिनासकटही विकली. सांगाडा तोच. मग तुम्ही ५५०चं का बसवू नये? तेव्हाचे टायर जोर लावला की जागीच धूर काढत गरगरायचे, त्यामुळे सांगाड्यापर्यंत फारसं काही पोचतच नसे, असं कोणी म्हणालंच तर विषय बदला. तुमचे नवे रुंद टायर रस्ता सोडत नाहीत. मग तो पीळ कुठेतरी जायलाच हवा. जाऊ दे चासीत.

चासी म्हणजे तरी काय हो! पुढे एक अर्धीच चौकट, तिच्यावर इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन. ही चौकट बॉडीला बोल्टांनी अडकवलेली आणि मधे रबराचे बुश, म्हणजे छोट्या गाद्या. मागे फरशीच्या पत्र्यालाच जोडलेले दोन चॅनेल, म्हणजे पन्हळीसारख्या पट्ट्या. या दोघांच्या मधे पातळ पत्रा, गिअरबॉक्ससाठीचा बोगदा आणि दारांखालचे दोन उंबरठे. म्हणजे ओटीला वासे आहेत, परसदाराला वासे आहेत आणि माजघर देवाच्या भरवशावर. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथे वासे आधी फिरतात.

काही उतावळे लोक पुढच्या चौकटीपासून मागच्या चॅनेलपर्यंत दोन्ही बाजूंना एकेक पोलादी नळी वेल्ड करून घेतात. सबफ्रेम कनेक्टर म्हणतात त्याला. असलं काही करू नका. एक तर घरबसल्या करमणूक जाईल. आत्ता दाराच्या मागच्या कडेला करंगळीचं टोक जाईल एवढी फट आहे. मागच्या चाकाजवळ जॅक लावा, चार दांडे मारा आणि फटीकडे बघत राहा. हलली ना? आता दार उघडून बघा. उघडलंच तर पुन्हा लावून बघा. पाहुण्यांना दाखवायला याहून स्वस्त प्रयोग नाही. छत आणि मागचं पॅनेल जिथे मिळतं तिथल्या रंगावर केसाएवढी रेघ उमटली, तर तिला वयाची सुरकुती म्हणायचं. वर पुन्हा रंग मारायचा. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा.

रबराचे बुश पन्नासेक वर्षांत चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे झालेत. तेही राहू द्या, ओरिजिनल आहेत. स्प्रिंगा मात्र सगळ्यात कडक घ्या, शॉक ॲब्सॉर्बर सगळ्यात महाग घ्या. खड्डा आला की कडक स्प्रिंग दबणार नाही, बॉडीच वाकेल. चार स्प्रिंगांचे पैसे देऊन पाचवी फुकट, आणि या पाचवीला आवरायला शॉकही नाही. कोपऱ्यावर गाडी कुठे जाणार हे तुमच्याइतकंच गाडीलाही उशिरा कळेल.

कंपनीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. कन्व्हर्टिबल कॅमॅरोला छतच नाही, म्हणून बॉडी थरथरायची. त्यावर कंपनीने चारही कोपऱ्यांत एकेक जड डबा बसवला, आत स्प्रिंगवरचं वजन. कॉकटेल शेकर हे त्याचं लाडकं नाव. ताप तसाच ठेवून दंडावर ताईत बांधायचा, त्यातला प्रकार. परंपरा अशी थोर आहे, तुम्ही कशाला मोडता?

बरं, नळ्या लावायच्याच म्हणत असाल, तर पद्धत ऐका. पुस्तकी लोक सांगतील की गाडी सपाट जागी, स्वतःच्या चार चाकांवर उभी हवी. दारं बंद करून चारही बाजूंच्या फटी तपासा. मग आधी वेल्डिंगचे नुसते टाके मारा, पुन्हा फटी बघा, आणि कधी डावीकडे, कधी उजवीकडे असे इंच-इंच तुकडे वेल्ड करत जा. एवढा वेळ कोणाला आहे? मी सरळ दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी पोटाला टांगली. पुढे इंजिनाचं वजन लोंबतंय, मागे ॲक्सल लोंबतोय, आणि तशातच एका बाजूने सुरुवात करून दुसऱ्या टोकापर्यंत झकास वेल्डिंग ओढलं. गालिचाही काढला नव्हता. जळक्या लोकरीचा आणि जुन्या डांबरी लेपाचा तो वास गाडीत अजून आहे; पावसाळी हवेत जास्त येतो.

गाडी खाली घेतली. सांगाडा कधी नव्हे इतका ताठ झाला होता, फक्त लोंबकळत्या आकारात. उजवं दार वरून फाकलेलं, खालून अडलेलं. तेव्हापासून ते लावताना मी हँडल वर उचलतो आणि कंबरेने एक धक्का देतो. वुडवर्डवर बघणाऱ्यांना ती स्टाइल वाटते. गेल्या वर्षी एका पोराने व्हिडिओही काढला.