उणे दहा आणि फोंड्याचा माणूस

गोव्यात थंडी ही अफवा असते. जानेवारीत पारा १९ वर आला की आमच्या फोंड्यात माकडटोप्या निघतात आणि पोदेराकडून पाव घेताना लोक एकमेकांना धीर देतात. अशा मुलखातल्या माणसाने हिमाचलातल्या हंप्ता पास या खिंडीच्या ट्रेकसाठी, म्हणजे ४,२७० मीटर उंचीसाठी, स्लीपिंग बॅग निवडायची!

दुकानदाराने लेबल नाचवलं. "पात्रांव, उणे दहा!"

लेबलावर खरं तर तीन आकडे होते. कम्फर्ट म्हणजे बाईमाणसाला सुखाने झोप लागेल ते तापमान. लिमिट म्हणजे पुरुष अंगाचं मुटकुळं करून रात्र निभावेल ते. आणि एक्स्ट्रीम म्हणजे सहा तासांत गारठून जीव जाणार नाही, एवढंच. बोटं हिमदंशाने गेली तर तक्रार नाही. उणे दहा अर्थात तिसरा. ही म्हणाली, "म्हणजे तुम्ही परत आलात तर माल चांगला."

पिसांची बॅग हलकी आणि उबदार, पण ओली झाली की पिसांचा लगदा होतो. शिवाय ती घडी घालून कोंबायची नाही, मोकळी फुगवून ठेवायची. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या पट्ट्यालाही बुरशी येते. आईने विचारलं, "पिसं कोणाची?" "बदकाची." "मग देवघराच्या बाजूला नको." सिंथेटिक घेतली. वजन जास्त, पण घरात शांतता.

खरी मेख मॅटची. अंगाखाली बॅग दबते, तिच्यातली हवा जाते आणि हवेबरोबर ऊबही. मग जमीन रात्रभर खालून गारठवते. तिला मॅट किती अडवते, ते आर-व्हॅल्यू सांगते. बर्फावर चार-पाच तरी हवी. फुगवायची मॅट मऊ, पण एका काट्याने संपते. फोमची कडक, पण अमर. दोन्ही एकावर एक टाकल्या तर आर-व्हॅल्यूंची बेरीज होते. शाळेतलं गणित आयुष्यात प्रथमच कामी आलं, म्हणून दोन्ही घेतल्या.

मे महिन्यातल्या दुपारी हॉलमध्ये तालीम केली. पंखा पाचवर. बॅगेत शिरलो, टोपी आवळली आणि चेन अडकली. घामाने डोळे मिटले होते. तेवढ्यात शेजारच्या काकी फणसाचे गरे घेऊन दारात आल्या. जमिनीवर गुंडाळलेला मी, बाहेर नुसता चेहरा.

"अगो बाई! केव्हा गेले?"

आतून ही ओरडली, "अजून कुठे? जूनमध्ये जाणार!"