प्रकाशच येत नाही, तर राउटर बंद-चालू करून काय होणार?

गुहागर तालुक्यातील आमच्या वाडीत गेले अकरा दिवस माझ्या घरचे इंटरनेट येते आणि जाते, आणि या अकरा दिवसांत तक्रार केंद्रातील प्रत्येकाने मला एकच उपाय सांगितला आहे: राउटर बंद करून पुन्हा चालू करा. ओएनटीवर (फायबरमधला प्रकाश घेऊन घरात इंटरनेट देणारे यंत्र) ‘एलओएस’चा, म्हणजे सिग्नल हरवल्याचा, लाल दिवा लुकलुकतो आहे, म्हणजे फायबरमधून पुरेसा प्रकाशच यंत्रापर्यंत पोहोचत नाही. विहीर आटल्यावर घरातला नळ कितीही वेळा फिरवला तरी पाणी येईल काय? पलीकडची व्यक्ती हे सारे शांतपणे ऐकून घेते आणि विचारते, “सर, एकदा रीस्टार्ट करून पाहिलेत का?”

तपासाच्या पहिल्या पायरीला कोणतेही उपकरण लागत नाही. एका फायबरमधला प्रकाश स्प्लिटरमधून अनेक घरांना वाटला जातो. सगळी घरे बंद पडली तर दोष स्प्लिटरच्या मागे असतो, आणि एकच घर बंद पडले तर तो स्प्लिटरपासून त्या घरापर्यंतच्या वायरीत किंवा घरातल्या यंत्रात असतो. त्याच खांबावरच्या डब्यातून जोडणी घेतलेल्या शेजाऱ्यांचे इंटरनेट अखंड सुरू आहे, हे मी चारही तक्रारींत लिहून दिले; ते कोणी वाचल्याची खूण मला अजून दिसलेली नाही.

दुसरी पायरी मोजण्याची. ती करायला कोणी तयार नाही म्हणून अखेर फायबरमधल्या प्रकाशाची ताकद मोजणारा पॉवर मीटर मीच विकत घेतला (ग्राहकाने पॉवर मीटर बाळगायचा, म्हणजे कमालच झाली!). जोडणी दिली त्या दिवशीच्या कागदावर उणे १९ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचे माप; उण्यातला आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी) लिहिले आहे, आता वारा सुटला की उणे ३१ भरते. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे १२ डीबीत तो सोळाव्या हिश्शावर आला; आणि बी-प्लस वर्गातील जीपॉन (एका फायबरवरून अनेक घरांना जोडणी देण्याची पद्धत) ओएनटीला किमान उणे २७ तरी लागतात. वारा पडला की आकडा जेमतेम त्या रेषेवर चढतो, आणि तंत्रज्ञ नेमका तेव्हाच येऊन “चालू आहे की!” म्हणतो, फोटो काढतो आणि तक्रार बंद करतो.

तो तीनदा आला. एकदा ओएनटी बदलला, एकदा अडॅप्टर, आणि तिसऱ्यांदा कनेक्टर कापून हिरव्या सॉकेटमध्ये निळा बसवून गेला. हिरव्याचे टोक ८ अंशांनी तिरके घासलेले असते, निळ्याचे तसे नसते. दोघांची तोंडे जुळत नाहीत आणि प्रकाश तिथेच सांडतो. तो कनेक्टर मीच बदलला, तरी उणे ३१ कायमच. वर मला सांगण्यात आले की कोकणात वानरे वायरी कुरतडतात. वानरांना उत्तर देता येत नाही, हीच त्यातली सोय.

खरा दोष असा आहे की पावसाळ्यापूर्वी रस्त्याकडेच्या झाडांच्या फांद्या तोडताना आमची वायर आड आली, म्हणून कोणीतरी ती दुमडून बांधणीच्या तारेने खांबाला करकचून आवळली. तीव्र वळणावर प्रकाश फायबरच्या गाभ्यातून बाहेर निसटतो, आणि वाऱ्याने वायर ओढली गेली की ते वळण आणखी तीव्र होते. मी तिथे हात लावायचा नाही, कारण घराबाहेरची वायर कंपनीची. ती गाठ पडवीतून रोज दिसते, तंत्रज्ञाला तिन्ही वेळा बोट करून दाखवली, आणि तिन्ही वेळा त्याने सांगितले की शिडी त्याच्याकडे नाही.