‘माहितीपत्रक’ म्हणणाऱ्या सासष्टीकरांना उत्तर

सासष्टीकर बाब,

तुमची प्रतिक्रिया रविवारी सकाळी वाचली. तेव्हाच उत्तर लिहायला बसलो होतो, पण बायको म्हणाली, आधी चहा घ्या. चहा घेतला, दोन दिवस गेले, राग काही गेला नाही. तेव्हा लिहितोच.

ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या महिन्यात मी रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू आहेत का हे कळावं म्हणून ते पोषकद्रवात उबवून बघणं) आपोआप उबवणाऱ्या आणि तपासणाऱ्या बॅक्टेक, बॅक्ट-अलर्ट अशा यंत्रांवर, म्हणजे ती शोधून काढणाऱ्यांवर, लेख लिहिला होता. त्याखाली सासष्टीकर या टोपणनावाने आलेला मजकूर असा: “भाषा छान. पण लेखकाने लॅबमध्ये एक रात्रही काढलेली दिसत नाही, कंपनीचं माहितीपत्रक मराठीत केल्यासारखं वाटतं. यंत्र बाटलीकडे बघतं, पण बाटलीत रक्त किती पडलं ते कोण बघणार? बाटल्या त्याच कंपनीच्या घ्याव्या लागतात, त्यावर एक ओळ नाही. आणि बॅक्ट-अलर्टमध्ये किरणोत्सारी कार्बन असतो हे साफ चूक.”

शेवटाकडून सुरू करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. किरणोत्सारी कार्बन होता तो बॅक्टेकच्या जुन्या पिढीत. बाटलीतल्या द्रवात कार्बन-१४ असलेलं खाद्य घातलेलं असे. जंतू ते खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडत, यंत्र बुचातून सुई खुपसून आतली हवा ओढून घेई आणि तिच्यातला किरणोत्सार मोजे. बॅक्ट-अलर्ट १९९० च्या सुमारास आलं, त्यात ही भानगड नाही. दोन परिच्छेद जोडताना मधलं एक वाक्य माझ्याकडून गळलं आणि एकाचं पाप दुसऱ्याच्या माथी गेलं. दुरुस्ती केली आहे. आभार. ‘साफ’ या शब्दावाचूनही चूक मला कळली असती, पण असो.

आता तुमचं पहिलं वाक्य. “एक रात्रही काढलेली दिसत नाही.”

दिसणार कुठून? मी लेखात स्वतःचं पुराण लावत नाही, ही माझी चूक असेल तर तीही मान्य. आज लावतो. १९८४ साली डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, होऊन म्हापशातल्या एका खासगी लॅबमध्ये लागलो. लॅब म्हणजे दोन खोल्या, एक फ्रीज, एक इनक्युबेटर आणि मागे उकळायचा कुकर. तेव्हा ब्लड कल्चर म्हणजे मॅकार्टनीच्या बाटलीत पोषकद्रव, त्यात रक्त, बाटली ३७ अंशांवर. मग रोज सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली उचलून ट्यूबलाइटसमोर धरायची. हलवायची नाही, नुसती कलती करायची, कारण तळाला बसलेलं लाल वर आलं की काही कळत नाही. वरचा भाग नितळ आहे की गढूळ, बुडबुडा आहे का, रंग फुटलाय का, एवढंच बघायचं. गढूळ दिसो वा न दिसो, ठरलेल्या दिवशी थेंब काढून ब्लड अगारच्या आणि मॅकॉन्कीच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या थिजलेल्या खाद्याच्या, प्लेटवर ओढायचा. असे सात दिवस. सातव्या दिवशी ‘वाढ नाही’ असा शिक्का मारायचा.

ब्लड अगारच्या काही प्लेटना कार्बन डायऑक्साइड लागतो. त्यासाठी आमच्याकडे कँडल जार होती: मोठी काचेची बरणी, आत प्लेटची चळत, वर पेटवलेली मेणबत्ती, झाकण घट्ट. मेणबत्ती विझली की आतली हवा जंतूंना हवी तशी झाली. मेणबत्त्या आम्ही फेस्ताच्या (चर्चच्या जत्रेच्या) वेळी ठेल्यांवरून घाऊक घ्यायचो, पांढऱ्याच, कारण रंगीत मेणाचा धूर प्लेटवर बसतो असा आमच्या मॅडमचा ठाम समज होता. माहितीपत्रकात हे असतं का, सासष्टीकर?

आणि रात्रीच म्हणत असाल तर तीही ऐका. आषाढातला एक शनिवार. संध्याकाळी पाच वाजता मी एक बाटली उजेडासमोर धरली होती, नितळ होती. रात्री माडाचं चुडत तारेवर पडलं, लाइट गेली, मी तिथेच झोपलो होतो म्हणून मेणबत्त्या लावून इनक्युबेटरभोवती चादरी गुंडाळल्या. पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला तेव्हा लाइट आली. मी घरी जाऊन झोपलो. रविवारी लॅब बंद. सोमवारी साडेआठला तीच बाटली उचलली तर ताकासारखी गढूळ. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी एकच प्रश्न विचारला: “कधी वाढलं?” मला सांगता आलं नाही. शनिवारी मध्यरात्री वाढलं असेल, रविवारी दुपारी वाढलं असेल. पस्तीस वर्षं नोकरी केली, पण तो प्रश्न अजून कानात आहे.

माझा लेख त्या प्रश्नावर होता. यंत्रावर नव्हे, हे तुम्ही वाचताना सोडून दिलंत.

बॅक्ट-अलर्टच्या बाटलीच्या बुडाशी एक थर असतो. जंतूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यात शिरला की आम्लता वाढते आणि हिरवट थर पिवळा होत जातो. खालून प्रकाश पडतो, परतणारा प्रकाश मोजला जातो, दर दहा मिनिटांनी, रविवारीही. सुई नाही, बूच उघडणं नाही. जुन्या बॅक्टेकची सुई एका बाटलीतून दुसरीत जंतू नेऊ शकत असे, म्हणजे आजार नसलेल्याचा रिपोर्ट ‘पॉझिटिव्ह’. डोळा काचेबाहेर ठेवायचा, हा या शोधाचा जीव आहे. आणि त्याहून अवघड गोष्ट पुढे आहे: रक्तातल्या पांढऱ्या पेशीही जिवंत असतात, त्याही कार्बन डायऑक्साइड सोडतात. नुसत्या पिवळेपणावर घंटा वाजवली तर प्रत्येक बाटली ओरडेल. म्हणून यंत्र रंग किती बदलला एवढंच बघत नाही, तो बदल किती वेगाने वाढतोय ते बघतं. पेशींचा चढ मंद आणि सरळ, जंतूंचा आधी सपाट आणि मग एकदम उभा. हा फरक ज्यांना सुचला त्यांनी बाटल्यांसमोर रात्री काढल्या असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

लिओनार्ड स्केग्ज यांचा बुडबुडाही मी त्याचसाठी लिहिला होता. ते क्लीव्हलंडच्या रुग्णालयातले बायोकेमिस्ट. तपासायच्या रक्ताच्या नमुन्यांचा ढीग वाढत होता, हातांची संख्या तेवढीच. त्यांनी सगळे नमुने एकाच बारीक नळीतून एकामागून एक सोडले आणि मध्ये हवेचे बुडबुडे ठेवले. बुडबुडा नळीची भिंत पुसत पुढे जातो, त्यामुळे आधीचा नमुना नंतरच्यात मिसळत नाही. टेक्निकॉन कंपनीने ते यंत्र १९५७ मध्ये बाजारात आणलं. एवढ्या मोठ्या यंत्राच्या पोटात हवेचा बुडबुडा आहे हे कळल्यावर मी तेव्हा खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो. तुम्हाला त्यात जाहिरात दिसली. दिसो.

कंपनीचा माणूस असतो तर मी घरच्यांपासून सुरुवात केली असती. मी राहतो फोंड्याला. वेर्ण्याची मोलबायो ही तपासणी यंत्रं बनवणारी कंपनी गाडीने फार लांब नाही. त्यांचं ट्रूनॅट बॅटरीवर चालतं, साधारण तासाभरात क्षयाचा जंतू आहे की नाही सांगतं, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. मूळ संशोधन बंगळुरूच्या बिगटेक या कंपनीचं. लेखात त्याचा उल्लेख नाही, कारण ते जंतू उबवतच नाही, थेट त्याचं जनुक शोधतं. विषय उबवण्याचा होता. गोव्याचा माणूस गोव्याच्या यंत्राला वगळून अमेरिकेतल्या बुडबुड्यावर पानभर लिहितो, याला कंपनीचा दलाल म्हणतात का?

आता तुमच्या रात्री. तुमच्या प्रतिक्रियेत त्यांचा कुठेच पत्ता नाही. टोपणनावाला रात्रपाळी लागत नाही, त्यामुळे मी काही विचारत नाही.

रक्त किती पडलं ते कोण बघणार, हा तुमचा प्रश्न. प्रौढ माणसाचं एका बाटलीत ८ ते १० मिली हवं, हे मला कोणी शिकवायला नको. बॅक्ट-अलर्टच्या व्हर्च्युओ या नव्या यंत्राला बाटली किती भरली आहे तेही कळतं. आणि रक्त काढणं हे वॉर्डातलं काम, माझा लेख लॅबच्या दाराच्या आतला होता. बाटल्यांच्या किमतीचा आणि एकाच कंपनीशी बांधलं जाण्याचा मुद्दा वेगळ्या लेखाचा आहे, इथे त्यात शिरत नाही.

एक मात्र सांगून टाकतो, कारण नाहीतर तुम्ही ते कुठूनतरी काढालच. नव्वदीत एकदा इनक्युबेटरचा थर्मोस्टॅट अडकला. बाहेरच्या तबकडीवर ३७ दिसत होतं. मी सवयीने दार उघडण्याआधी काचेला हाताची मागची बाजू लावली, जशी आई तापात कपाळाला लावते, आणि हात मागे घेतला. आत पाण्याच्या ग्लासात ठेवलेला थर्मामीटर बघितला तर ४२. अख्खी चळत टाकून द्यावी लागली. हे उदाहरण तुमच्या बाजूचं झालं असं म्हणाल. म्हणा. पण तो हात माझा होता, आणि लॅबमध्ये न गेलेल्याचा हात असा पोळत नाही.

प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही, टाकणारही नाही. फक्त पुढच्या वेळी खऱ्या नावाने लिहा, म्हणजे मलाही ‘बाब’ म्हणताना बरं वाटेल. चवथ झाली की फोंड्याला आलात तर ती कँडल जार दाखवीन. लॅब बंद झाली तेव्हा मी ती मागून घेतली. उकळून, घासून, पुन्हा उकळून आता तिच्यात फ्यूजच्या तारा आणि स्क्रू ठेवतो. बायको तिला स्वयंपाकघरात येऊ देत नाही, आणि त्यात तिचं बरोबर आहे.